पलंगाखालची बाटली

माझी लेक चार वर्षांची असताना तिला न्यूमोनिया झाला. छातीत पू भरला म्हणून आम्ही तिला आमच्या हट्टा गावाहून हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या बरगड्यांमधून नळी घातली आणि नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या पाण्याच्या बाटलीत सोडलं. चार दिवसांत पू थांबला, ताप उतरला. बाटलीतले बुडबुडे मात्र थांबेनात.

"फुप्फुसाला बारीक छिद्र पडलंय, तिथून हवा गळते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक वेळा आपोआप बुजतं. वाट बघू."

लेकीनं श्वास सोडला की खाली बुडबुड व्हायचं. ती रडली की जास्तच. एका दुपारी ती पलंगाच्या कडेवरून वाकली.

"आई, खाली कोण बोलून राहिलंय?"

"कोणी न्हाई. तुझीच हवा हाय ती."

"मग मी गप बसले तरी काहून बोलते?"

सोबतीला आलेल्या सासूबाई त्या दिवसापासून भीतीनं पलंगाकडे पाठ करून बसेनात.

आठव्या दिवशी तिचं अंग पुसताना गळ्यापाशी कातडीखाली काहीतरी करकरलं. कांद्याची वाळलेली फोलपटं दाबावीत तसं. मी हात झटकन मागे घेतला. संध्याकाळपर्यंत एक गाल आणि डोळा इतका सुजला, की ते तोंड माझ्या लेकीचं वाटेना. डॉक्टरीणबाईंनी येऊन बघितलं, तर नळीला पीळ पडला होता आणि कोंडलेली हवा कातडीखाली शिरली होती. पीळ सोडवल्यावर सूज हळूहळू जिरली.

बाराव्या दिवशीही बुडबुडे चालूच होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिचंच रक्त काढून नळीतून छातीत सोडू. ते गोठून छिद्रावर ठिगळासारखं बसेल."

"लेकराचं रक्त लेकराच्याच छातीत?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आजी. दुसऱ्या कुणाचं नको."

मी तिचा हात धरून बसले. दंडातून निघालेलं काळपट रक्त नळीतून परत तिच्या आत जाताना बघितलं. ते बाहेर येऊ नये म्हणून नळी मधे सलाईनच्या खांबावर उंच टांगली, टोक मात्र बाटलीतच ठेवलं. आम्ही तिला सारखं या कुशीवरून त्या कुशीवर वळवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपलेली असताना मला एकदम जाणवलं, की खोलीत आवाज नाही. इतके दिवस त्याच आवाजावरून ती जिवंत आहे हे मला कळत होतं. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. ऊन श्वास लागला, तरी खरं वाटेना. मी सिस्टरला बोलावलं. तिनं नळी तपासली. नळीतलं पाणी श्वासासोबत वरखाली होत होतं, पण एकही बुडबुडा नव्हता.

"छिद्र बुजलं, ताई," ती म्हणाली. "आता बसा जरा."

दोन दिवसांनी एक्स-रे बघून नळी काढली. आता लेक तिसरीत आहे, शेळ्यांमागे धावते. धावून दमली की धापा टाकते, आणि मी हातातलं काम थांबवून तिचा श्वास पूर्ववत होईपर्यंत बघत राहते.