अर्धी राहिलेली वास्तुशांत

राजाभाऊ खांबेट्यांचं आयुष्य मोजमापात गेलं. जर्मनीत नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात एकतीस वर्षं, निवृत्त होईपर्यंत, ते गिअरबॉक्सचे भाग तपासत होते. शिकायला आलेल्या नव्या मुलांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "ड्रॉइंगवर जे माप लिहिलेलं नसतं, ते करणारा आपल्या मनाने करतो. मग त्याला बोल लावायचा नाही."

पण तिथल्या पंधरा-वीस मराठी घरांत त्यांना इंजिनियर म्हणून कुणी विचारत नसे. तिथे ते गुरुजी होते. वडील मिरजेला भिक्षुकी करायचे. लहानपणी त्यांच्या मागून पळी-पंचपात्र घेऊन फिरताना जे कानावर पडलं, ते राहिलं. एकदा कुणाच्या तरी सत्यनारायणाला भटजी मिळेना म्हणून ते बसले आणि मग बसतच गेले. श्रद्धा म्हणाल तर बेताची. "मी फक्त वाचून दाखवतो, ऐकणारा कुणी असेल तर ऐकेल," असं म्हणून हसायचे. बायको लताबाई म्हणायच्या, "अहो, असं बोलू नये." ते ऐकायचे नाहीत.

दोन हजार चारच्या जूनमध्ये त्यांचा कारखान्यातला जुना सोबती दिनकर याने घर घेतलं. एका ओळीतलं, चिकटून असलेलं, मागे हातभर बाग असलेलं घर. वास्तुशांतीला अर्थातच राजाभाऊ. धुराने आतली घंटा वाजेल म्हणून होम मागच्या बागेत ग्रिलच्या भांड्यात केला, तेव्हा शेजारीण फ्राऊ क्लाइनने कुंपणावरून विचारलं, "आज काय भाजताय?" सगळे हसले. वास्तुपुरुषाची तांब्याची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. तिथे खाली काँक्रीट. शेवटी मोठ्या कुंडीत माती भरली, तिच्यात प्रतिमा पालथी पुरली, वर रबराचं झाड लावलं आणि ती कुंडी बैठकीच्या खोलीत हीटरशेजारी ठेवली.

राजाभाऊंनी दिनकर आणि त्याच्या बायकोला, मालिनीला, समोर बसवून रीतीप्रमाणे सांगितलं, "आता ही जागी झाली. आजपासून या घरात अभद्र बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते."

उत्तरपूजा राहिली होती. देवांना निरोप द्यायच्या अक्षता तेवढ्या टाकायच्या होत्या. पण आतून पाहुण्यांतल्या सत्यजितने हाक मारली, "काका, पुऱ्या गार होतायत!" राजाभाऊ म्हणाले, "चला, आधी जेवून घेऊ. अक्षता नंतर."

एवढंच झालं. पुढे कितीतरी महिने ते ही 'नंतर' आठवून दचकत असत.

क्वार्कचं, म्हणजे तिथल्या चक्क्याचं श्रीखंड होतं, मसालेभात होता. बोलणं नेहमीच्या वळणावर गेलं. त्या वर्षी चार माणसं जमली की अमेरिकेच्या अध्यक्षावर घसरायची. मत एकालाही नव्हतं, पण पक्ष सगळ्यांना होते. दिनकर त्या अध्यक्षाच्या बाजूचा.

"लिहून घ्या राजाभाऊ, नोव्हेंबरात परत हाच. सद्दामला बिळातून ओढून काढला, ते काय उगाच?"

"आणि ती शस्त्रं? ज्यांच्यासाठी गेले ती? वर्ष झालं शोधतायत. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधावा तसं चाललंय."

सत्यजित सॉफ्टवेअरमधला, तिशीचा. तो म्हणाला, "काका, तो दुसरा आला तर आमचं बाहेरून येणारं काम बंद करीन म्हणतो. माझं मत यालाच."

"तुला मत आहे?"

"नाही हो. पण असतं तर."

हशा झाला. तिथेच थांबायला हवं होतं. पण राजाभाऊंनी इराकमधल्या तुरुंगातल्या छळाच्या फोटोंची गोष्ट काढली आणि दिनकर लाल झाला.

"तुमचं बरंय. तीस वर्षं त्यांच्या विमानांच्या सावलीत निवांत झोपलात. रशिया आला नाही तो कुणामुळे? गेनाऊ, अगदी बरोबर, त्यांच्यामुळेच! आता इथे बसून श्रीखंड खात त्यांना नावं ठेवायची."

"मी झोपलो. तू तर पोरगा दिलास त्यांना."

दिनकरचा मुलगा श्रीनाथ याच गावात जन्मलेला. म्हणूनच भारतात जन्मलेल्यांना न मिळणारी ग्रीन कार्डची लॉटरी त्याला लागली होती. शिक्षणाचा खर्च सैन्य भरेल म्हणून अमेरिकेत राखीव दलात नाव घातलं. वाटलं, महिन्यातून दोन दिवस कवायत करायची. फेब्रुवारीत त्याला इराकला पाठवलं. बापासारखाच गाड्या दुरुस्त करणारा.

दिनकर म्हणाला, "दिला तर दिला. अभिमान आहे मला."

आणि राजाभाऊ म्हणाले, "उद्या झेंड्यात गुंडाळलेली पेटी या दारात आली म्हणजे विचार मग तुझ्या अध्यक्षाला, काय काय केलंस म्हणून."

मालिनी श्रीखंडाचा डाव घेऊन उभी होती. डावातून एक गोळा टपकन जमिनीवर पडला, तो कुणी पुसला नाही. राजाभाऊंची मान आपोआप कुंडीकडे वळली. रबराची पानं हलत होती. खिडकी उघडी होती, वारा होता. पण त्यांना वाटलं, वास्तूने मान डोलावली.

दिनकर उठून बागेत गेला. लताबाईंनी पर्स उचलली. अक्षता वाटीतच राहिल्या.

दोघं गाडीत बसली. मग लताबाई हळूच म्हणाल्या, "अहो, मंत्र म्हणून जागं तुम्हीच केलंत. ऐकायला तुम्हीच बसवलंत. आणि पहिलं वाक्य ते ऐकवलंत?"

"मातीच्या कुंडीला कान असतात का?"

"मला नका विचारू. देवांना निरोपसुद्धा दिला नाही. सगळे तिथेच बसलेत अजून."

राजाभाऊ हसायला गेले. हसू आलं नाही.

त्या दिवसापासून त्या माणसाचं काहीतरी बिनसलं. टपालाची पिवळी गाडी गल्लीत थांबली की ते खिडकीशी जात आणि पोस्टमन केवढं खोकं उतरवतो ते बघत. फर्निचरच्या दुकानात लताबाईंनी एक लांबट पेटारा दाखवला तर ते दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. सार्वजनिक वाचनालयात कॉम्प्युटरवर मेलेल्या सैनिकांची नावं रोज येत. ते रोज सकाळी दहाला जात, यादी खालपर्यंत वाचत, नाव नाही असं बघून घरी येत. घराच्या पायऱ्या चढेपर्यंत वाटे, एखादी ओळ सुटली तर नसेल? की परत जात. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामातली चूक शोधली, आता आपल्या वाक्यातली चूक त्यांना कुठे पुसता येईना.

दिनकरला फोन करायला हात जाई. पण बोलायचं काय? माफ कर म्हटलं तर ते वाक्य पुन्हा उच्चारल्यासारखं होईल, अशी एक खुळी भीती होती. गणपतीला दिनकर आणि मालिनी आले नाहीत. आरतीच्या वेळी सत्यजितने सहज विचारलं, "काका, काय वाटतं, पडतो का हा?" तर राजाभाऊ एवढ्या तळमळीने म्हणाले, "पडलाच पाहिजे रे," की सत्यजितचा टाळ चुकला.

कारण त्यांनी मनाशी हिशेब मांडला होता. हा अध्यक्ष पडला, तर दुसरा येईल. दुसरा आला की मुलं परत बोलावील. मुलं परत आली की आपलं वाक्य फुकट जाईल. वास्तूने तथास्तु म्हटलं असलं तरी. अमेरिकेतल्या कुठल्या कुठल्या राज्यांची नावं त्यांना पाठ झाली. ओहायो म्हणताना देवाचं नाव घ्यावं तसा आवाज होई. जर्मन वर्तमानपत्रं म्हणत होती, हा जाणार. त्यांना तेवढाच आधार.

तीन नोव्हेंबरला दिवसभर ते टीव्हीसमोर होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास, बाहेर अंधार पडत असताना, दुसऱ्याने हार मानल्याची बातमी आली. राजाभाऊंनी टीव्ही बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. लताबाईंनी दिवा लावला, त्यांच्याकडे पाहिलं आणि कपाटातून पूजेची पिशवी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"जा. पूजा अर्धी राहिलीय. माणसांचं व्हायचं ते होईल, तुमचं काम तुम्ही पुरं करा."

वीस मिनिटांची वाट. जाताना ते मनात घोळवत होते, 'जिंकलास बाबा, अभिनंदन.' हलकंफुलकं बोलावं, म्हणजे तो आत घेईल. दार मालिनीने उघडलं. पाच महिन्यांत बाई वाळून गेली होती. तिने पिशवीकडे बघितलं आणि नुसती बाजूला झाली.

दिनकर अंधारात बसला होता. समोर टीव्ही बंद.

"दिनकर," राजाभाऊ म्हणाले, "जिंकला तुझा—"

"मला तो पडायला हवा होता."

राजाभाऊंना ऐकलेलं खरं वाटेना. "अरे, मग त्या दिवशी माझ्याशी भांडलास तो?"

"मग काय करू? तो चुकला म्हटलं तर माझा पोरगा कशासाठी तिथे आहे ते सांगा मला. सांगा ना, तुम्ही हुशार आहात." त्याचा आवाज फाटला. "आता आणखी चार वर्षं. श्रीनाथची तिथली मुदत वाढवलीये, राजाभाऊ. कालच फोन आला."

राजाभाऊ खाली बसले. कुंडी जिथल्या तिथे होती. झाडाखालची माती हात फिरवून फिरवून गुळगुळीत झालेली, कडेला एक निरांजन. आणि शेजारी झाकण ठेवलेली वाटी. त्याच अक्षता. हळद उडून पांढऱ्या पडलेल्या.

"टाकून नाही दिल्यात?"

"निरोपाच्या आहेत ना," मालिनी म्हणाली. "कशा टाकू?" मग खाली बघत म्हणाली, "भावजी, मी रोज दिवा लावला की इथे बसते आणि म्हणते, श्रीनाथ आपल्या पायांनी चालत या दारातून आत येईल. तुमचं खोडायला. पण मी एकटीच म्हणते. तिला जागं करणारे तुम्ही. तिने तुमचं आधी ऐकलंय."

राजाभाऊंनी पाय धुतले, आसन घातलं. पोथी उघडली, पण ओळी दिसेनात. तोंडपाठ होतं म्हणून पार पडलं. शेवटी अक्षता हातात घेऊन त्यांनी वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि घशातून हवाच बाहेर आली. दिनकर अंधारातून उठून शेजारी येऊन बसला. मग तिघांनी मिळून म्हटलं. श्रीनाथ आपल्या पायांनी चालत या दारातून आत येईल. एकदा, दोनदा, तीनदा. राजाभाऊंनी अक्षता टाकल्या. हीटरमध्ये पाणी खुळखुळलं, तेवढाच काय तो आवाज.

त्यानंतर ते रोज दिवेलागणीला जात. अध्यक्षाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

श्रीनाथ पुढच्या सप्टेंबरात आला. गाडी बाहेर थांबली, तो उतरला, फाटकातून आपल्या पायांनी चालत आला. मालिनीने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. राजाभाऊ लताबाईंच्या मागे उभे होते. त्यांचे डोळे त्या बुटांवरून हलत नव्हते. डावा, उजवा. उंबरा ओलांडला. त्यांना रडू आवरेना.

लहानपणापासून त्या मुलाची एक सवय होती. मराठीत विचारलं की तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. आता तो कुठल्याच भाषेत उत्तर देत नव्हता. सगळ्या घरात त्याने एकच जागा निवडली. आग्नेय कोपरा, कुंडीशेजारी, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. तिथेच जेवायचा, तिथेच बसल्या बसल्या रात्र काढायचा. शेजारच्या फ्राऊ क्लाइनने खिडकीचं शटर धडधडत खाली ओढलं की त्याचा हात कुंडीची कड घट्ट धरायचा.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मालिनी राजाभाऊंना अगदी हळू म्हणाली, "भावजी, आपण नुसते पाय मागितले."

राजाभाऊंना आपलंच बोलणं आठवलं. ड्रॉइंगवर जे माप लिहिलेलं नसतं...

ते बैठकीत आले आणि गुडघे दुखत असताना श्रीनाथसमोर जमिनीवर बसले. "श्रीनाथ, तुला काय हवंय रे? मला सांग. मी इथे म्हणतो."

श्रीनाथने दाराकडची नजर त्यांच्याकडे वळवली. मग तो मुलगा मराठीत म्हणाला, "झोप, काका. फक्त झोप."

राजाभाऊंनी कुंडीकडे तोंड वळवलं. शब्द ओठांवर आला होता. तेवढ्यात त्यांना थंडी वाजली. झोप. कसली झोप? किती? या घरात एवढाच शब्द सोडून द्यायचा? त्यांनी तो गिळला. खिशातून चष्मा काढून लावला, जणू समोर कागद आहे.

"श्रीनाथ आज रात्री अंथरुणावर झोपेल," ते सावकाश म्हणाले. "सहा तास झोपेल. स्वप्न पडलं तर विसरेल. सकाळी उठेल. उठेल तेव्हा श्वास नीट चालू असेल. खिडकी उघडेल. आईला हाक मारेल. चहा मागेल, साखर कमी म्हणेल. बूट घालेल ते बेकरीत ब्रेड आणायला, आणि परत येईल. बापाशी भांडेल..."

श्रीनाथने डोकं भिंतीला टेकवलं होतं. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. मालिनी दिवा लावायला दाराशी आली, तर राजाभाऊंनी बोलता बोलताच हाताने तिला थांबवलं. कुठे थांबावं तेच त्यांना कळत नव्हतं. काहीतरी सुटेल या भीतीने ते एकेक माप सांगत राहिले, आणि खोलीत अंधार होत गेला.