ढूंढोदीदींची काळी खिडकी

ढूंढोदीदींच्या टेबलावर माउस नव्हता. पलासिया भागातल्या आमच्या ऑफिसात पाण्याच्या पंपांच्या माहितीपुस्तिका तयार होत, आणि जुन्या फायली सर्व्हरवर कशाही कोंबलेल्या असत. एखादी सापडली नाही की माणूस त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राही. मग ढूंढोदीदी पडद्यावरच्या काळ्या खिडकीत, जिथं लिहूनच हुकूम द्यायचा असतो, एक ओळ टाइप करत आणि फाइलचा पत्ता खाली उमटे. त्यांचं हे नाव त्यावरूनच पडलं होतं. मी नाशिकहून इकडे हिंदी मुलखात नवीन आले होते. मी त्यांना ताई म्हणायची.

"नाव आठवत नाहीये, ताई."

"पूरा कुणाला आठवतं गं? आठवतंय तेवढं लिही, बाकीच्या जागी चांदणी टाक." चांदणी म्हणजे कीबोर्डवरचा स्टार. नाव अजिबातच आठवत नसेल तर म्हणत, "मग आतला एखादा शब्द सांग." त्या एका शब्दावर त्या सगळ्या फायली आतून चाळून काढत.

मला ती त्यांची ऐट वाटायची. एकदा मी थट्टेनं माझा माउस त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला सारला. "तो बाण मला दिसत नाही. इथं कसं, जिथं लिहिलं तिथंच जवाब येतो."

त्यांची नजर कडेकडून मिटत चालली होती. मी इलाजाचं विचारलं, तर म्हणाल्या, "डॉक्टर बोलले, नाहीये. छोड ना. चहा घेशील?"

पुढे मधली नजरही अंधूक झाली, तशी त्यांच्या पडद्यावरची अक्षरं मोठी होत गेली. शेवटी एका वेळी दोनच ओळी मावत. मग त्या टाइप करत आणि मी शेजारी बसून वाचून दाखवी. दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.

त्यातच पंपवाल्या कंपनीकडून, म्हणजे आमच्या पार्टीकडून, नवं सॉफ्टवेअर आलं. सगळं चित्रांवर क्लिक करायचं. ओळ लिहायला जागाच नाही. आम्ही ऑफिसच्या मालकांना, सेठजींना भेटलो. तेही खिन्न होते. "काम की तो वही हैं, भिया. पर सॉफ्टवेयर पार्टी का है. मेरे हाथ में क्या है?" त्यांच्या हातात खरंच काही नव्हतं. ताईंनी स्वतःच राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. कॉम्प्युटरवर घरचे फोटो होते. त्यातला वडिलांचा एक मोबाइलमध्ये हवा होता. वडील महूच्या पलटणीत होते. ताईंनी सवयीनं ओळ टाइप केली. फोटोंना नावं नव्हती, नुसते आकडे. सगळे एकाच दिवशी कॉपी केलेले, त्यामुळे तारीखही एकच.

"आतला शब्द..." त्या बोलता बोलता थांबल्या. "फोटोत कुठला शब्द असणार."

मग मी एकेक फोटो उघडून सांगू लागले. लग्न. अंगण. सायकलवरची मुलगी. त्या ऐकत होत्या, मधेच हसत होत्या. नंतर दोन फोटो असे आले, की दोन्हींत खुर्चीवर बसलेले एकेक आजोबा.

"वडील कोणते, ताई?"

"फौजी टोपीवाले."

"दोघांनाही टोपी आहे."

"दुसरे काका असतील. बाबांच्या मिशा बघ."

मिशाही दोघांना होत्या. चेहरेही सख्ख्या भावांचेच. मी आलटून पालटून दोन्ही फोटो पाहत राहिले. ताई पडद्याच्या अगदी जवळ आल्या, कपाळ जवळजवळ काचेला टेकलं. थोडा वेळ तशाच राहिल्या, मग मागे झाल्या.

"दोन्ही दे," त्या म्हणाल्या.