हिरोचं वय बसत नाही

गल्लीत त्याला सगळे हिरो म्हणत आणि तोही ते नाव मिरवायचा. जन्मभर केस कापायचं दुकान चालवलेला माणूस. आता खुर्ची मुलाच्या हाती दिली होती, तरी रोज सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, केसांचा कोंबडा काढून हा आपला दुकानाच्या दारात हजर. केस काळेभोर. त्या वयाच्या माणसाच्या डोक्यावर इतका काळा रंग बघून खरं तर हसूच यायला हवं. पण हसणार कोण? गल्लीतल्या निम्म्या डोक्यांना त्यानेच तर रंग लावलेला. "आपल्या धंद्यात आपलं डोकं हीच दुकानाची पाटी," असं तो सांगायचा. "पाटी पुसट झाली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं." दुकान सोडलं तरी पाटी रंगवायची सवय काही सुटली नव्हती.

त्याची बायको त्याच्याहून चांगलीच लहान. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण दोघांना शेजारी उभं केलं तर कोणाला ते पटायचं नाही. तिचे केस पांढरेफटक आणि इतके विरळ, की भांगाशी टाळू दिसायची. गुडघे गेलेले, हातात काठी. दुकानातले टॉवेल ती धुवायची. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अख्खा संसारभर. मानेवरचे कापलेले केस, दाढीचा फेस, रंगाचे डाग, सगळं पातेल्यात उकळायचं, उकिडवं बसून घासायचं, गच्चीवर नेऊन वाळत घालायचं आणि घड्या करून परत दुकानात पाठवायचं. गुडघे गेले ते त्या पातेल्यापाशी आणि गच्चीच्या जिन्यावर. आणि केस? ते कोणी विचारलंच, तर हिरोचं उत्तर तयार असायचं.

"तिच्या माहेरीच लवकर पिकतात हो," तो हसत म्हणायचा. ती टॉवेलच्या घड्या करत राहायची.

मुलाने एके दिवशी म्हटलं, "तुम्ही दोघं कुठेतरी फिरून या, मी बघतो सगळं." हिरोने डोंगर म्हटलं, मोठी शहरं म्हटली. ती म्हणाली, "बोट."

"बोट? कसली बोट?"

"मोठी. समुद्रातून दिवस दिवस फिरते ती." दुकानात वाचायला ठेवलेल्या मासिकांत तिने एक फोटो पाहिला होता. बोटीवरची खोली, स्वच्छ पलंग आणि पलंगावर टॉवेलच्या घड्या घालून केलेला हंस. समुद्र बाजूलाच राहिला, ही बाई त्या हंसावर भाळली होती. "ज्याने तो केला तोच ते टॉवेल धूतही असेल ना? मला फक्त बघायचाय," ती म्हणाली.

आता अशा बोटी काय एक-दोन असतात? हिरोने मुलाच्या मोबाइलवर शोधून एक लगेच पसंत करून टाकली. अवाढव्य, वरच्या मजल्यावर पाण्याच्या घसरगुंड्या, रात्रभर नाच, जिकडेतिकडे तरणी पोरं. "म्हाताऱ्यांच्यात जाऊन काय करायचं? उगाच आजारपणाच्या गप्पा ऐकत बसायचं," असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली, "आधी चौकशी तर करू."

म्हणून दोघं प्रवास कंपनीच्या ऑफिसात गेली. ऑफिस पहिल्या मजल्यावर. तो नेहमीप्रमाणे पुढे निघून गेला. रस्त्यात तो कायम तिच्या पुढेच चालायचा. लग्न झाल्यापासूनची खोड. ती कठडा धरून येईपर्यंत हा काचेच्या टेबलापाशी खुर्चीत बसून, मांडीवर मांडी टाकून मोकळा झाला होता. टेबलापलीकडच्या मुलीने मोठ्या बोटीचं पुस्तक उघडलंही होतं. तेवढ्यात दार ढकलून ही आत आली, धापा टाकत. ती मुलगी झटकन उठली, स्वतः खुर्ची ओढून दिली, पाण्याचा पेला पुढे केला.

"या आजी, बसा. दमलात ना?" मग हिरोकडे वळून म्हणाली, "सर, आईंना घेऊन जायचंय का? मग ही मोठी बोट नको. आईंचे हाल होतील."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिला राग नव्हता आला हो. उलट ओठांच्या कोपऱ्यात हसूच आलं होतं. आता हे काय म्हणतात, मग आपण तिघंही कसे हसू, ती पोरगी कशी जीभ चावेल, असं सगळं तिच्या चेहऱ्यावर होतं. एका वाक्याचं काम होतं. 'अहो, बायको आहे माझी.' झालं, संपलं!

आणि हिरोला काय व्हावं? गुदगुल्या झाल्या. आपण हिचे चिरंजीव शोभतो, या विचाराने त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो मूग गिळून बसला.

मुलगी मात्र मनापासून समजावत होती. मोठ्या बोटीत लिफ्टपासून खोलीपर्यंत केवढा पल्ला असतो, जेवणाला रांगा कशा लागतात, बंदर लहान असलं तर होडीत उतरावं लागतं आणि काठी घेऊन ते कसं जमत नाही. मग तिने दुसरं पुस्तक काढलं. ही कंपनी फक्त मोठ्या वयाच्या लोकांना नेणारी. बोट लहान, किनाऱ्याला थेट लागणारी. लहान मुलं नाहीत, गोंगाट नाही. डॉक्टर बोटीवरच. न्हाणीघरात उंबरा नाही आणि धरायला दांड्या. "खोली बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या आजी, तिथे हेलकावे कमी लागतात," ती म्हणाली. मग जरा अडखळली. "फक्त एक आहे. सर, या बोटीला वयाची अट आहे. तुमचं वय बसत नाही. पण आईंच्या सोबतीला मुलगा म्हणून तुम्हाला येता येईल. चालेल ना?"

"चालेल," हिरो म्हणाला.

तोंडातून शब्द गेला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. तिच्या ओठांवरचं हसू गेलं होतं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती, वर केसांकडे बघत होती. आज ना उद्या पासपोर्ट दाखवायचे होते, सगळं उघडं पडणारच होतं, हे काय त्याला कळत नव्हतं? पण तोंडाला कुलूपच बसलं.

"रोज टॉवेल बदलतात का हो?" बायकोने मुलीला विचारलं.

"हो आजी, रोज. सांगितलं तर दोनदा."

"मग मुलगा कशाला लागतोय सोबत?"

मुलगी हसली. "असं काय करता आजी? असा मुलगा मिळायला नशीब लागतं."

"हो ना," बायको म्हणाली. "नशीबच."

घरी येताना पहिल्यांदाच तो तिच्या मागून चालला. पुढे होऊन तिच्या तोंडाकडे बघायची छातीच होईना. वाटेत ओळखीच्या माणसाने "काय हिरो!" म्हणून हाक मारली तर तो असा दचकला, जणू चोरी करताना सापडलाय. तिने घरी आल्यावर भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. पण ती तशी बाई नव्हती. चहा दिला, जेवायला वाढलं, विचारलं त्याचं उत्तर दिलं. फक्त 'अहो' म्हणायचं बंद केलं. "चहा ठेवलाय." "दार लावून घ्या." हाक नाही. जन्मभर ज्या हाकेला "काय कटकट आहे" म्हणत आला होता, तिच्यासाठी हा कान टवकारून घरभर फिरत होता.

रविवारी सवयीने तो रंग कालवायला बसला. वाटी, ब्रश, समोर आरसा. आणि रंगाचा तो उग्र वास नाकात गेला तसा त्याचा हात थांबला.

कारण त्या वासाचं आणि त्याच्या बायकोचं एक जुनं नातं होतं. बाजारात नवा रंग आला की गिऱ्हाइकाला लावण्याआधी तो कोणावर तरी लावून बघावा लागायचा. स्वतःच्या डोक्यावर? छे, ती तर दुकानाची पाटी! पाटी बिघडली म्हणजे? मग तो आत हाक मारायचा, "अगं, जरा बस गं." ती हातातलं काम टाकून, मानेभोवती जुना टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात स्टुलावर बसायची. आग झाली तर सांगायची, "हा नको हं, चरचरतोय." की तो रंग दुकानात जात नसे. गल्लीत हिरोचं नाव होतं, हिरोच्या रंगाने कधी कोणाला त्रास झाला नाही म्हणून. कसा होईल? सगळा त्रास आधी घरातच होऊन जायचा. शेवटी एका रंगाने घात केला. तिचं डोकं सुजलं, सुजेने डोळे उघडेनात आणि केस मुठी मुठींनी हातात आले. पुन्हा उगवले ते पांढरे आणि विरळ. डॉक्टरने बजावलं, आता या डोक्याला कशाचाही थेंब लावायचा नाही. आणि याने लोकांना काय सांगितलं? तिच्या माहेरीच लवकर पिकतात. अरे, तिची आई त्याने पाहिली होती. गेली तेव्हाही म्हातारीचा अंबाडा काळा होता! तेच पांढरं केलेलं डोकं शेजारी बसलेलं असताना हा शहाणा तिचाच मुलगा बनून आला होता.

त्याला स्वतःची किळस आली. वाटीतला रंग त्याने मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच त्या ऑफिसात गेला. मुलीने ओळखलं. "अरे सर! आजींचा फोन आला होता ना. तुमचं नाव काढलंय मी. दुकान सोडून मुलाला येता येत नाही म्हणाल्या. त्यांच्याबरोबर शेजारच्या सिस्टरबाई जाताहेत, निवृत्त नर्स आहेत त्या. बरं झालं, आम्हालाही काळजी नाही."

हिरोला धरणीने पोटात घेतलं असतं तर तो आनंदाने गेला असता. "त्या माझ्या आई नाहीत," तो म्हणाला. "बायको आहे माझी. माझ्याहून लहान आहे."

मुलीचा चेहरा लालबुंद झाला. "सॉरी सर! मला खरंच वाटलं..."

"तुला वाटलं यात तुझं काही चुकलं नाही, पोरी. मला ते चाललं."

हे बोलून त्याला हलकं हलकं वाटलं. आपण मोठा तीर मारला, असं समजून तो घरी आला. बायको गच्चीवरून आलेल्या टॉवेलच्या घड्या करत होती. त्याने सगळं सांगितलं, जरा ऐटीतच.

ती घडी करत राहिली. मग म्हणाली, "तिथे मी होते का?"

"नाही, पण..."

"त्या दिवशी मी होते. तेव्हा गप्प बसलात. आज मी नव्हते, तेव्हा जीभ सुटली. मला काय त्याचं?"

त्याची मान खाली गेली. तो म्हणाला, "उद्या चलशील माझ्याबरोबर?" ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. सकाळी मात्र काठी घेऊन दारात उभी होती.

तोच जिना. या वेळी तो तिच्याबरोबर, कठड्याच्या दुसऱ्या बाजूने, पायरी पायरीने चढला. आत त्याच खुर्च्या, तीच मुलगी, आणि ती बिचारी बघताक्षणी उठून हात जोडू लागली.

"बस, बस," हिरो म्हणाला. "मला बोलायचंय." शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. "ही माझी बायको. मी हिच्याहून बराच मोठा आहे. हे केस रंगवलेले आहेत माझे." एवढं बोलून थांबता आलं असतं. मुलीने मानही डोलावली होती. पण तो पुढे बोलला, आणि मुलीशी नाही, टेबलाच्या काचेशी बोलल्यासारखा. "हिचे पिकलेत ते माझ्यामुळे. मी नवे रंग हिच्या डोक्यावर लावून बघायचो. गिऱ्हाइकाला काही होऊ नये म्हणून. हिच्या माहेरी कोणाचेही लवकर पिकले नव्हते."

बायकोने पदर डोळ्यांना लावला नाही की काही नाही. फक्त काठीवरची तिची बोटं घट्ट झाली आणि मग हळूहळू सैल पडली.

मुलीने अगदी हळू विचारलं, "मग काकू, सरांचं नाव परत घालू? सिस्टरबाईंचं काढू?"

"त्यांचं कशाला काढायचं? त्यांना मी शब्द दिलाय," बायको म्हणाली. "त्या आणि मी एका खोलीत. यांना एकट्याची द्या."

हिरोने मान डोलावली.

"लांबची चालेल? जवळच्या एकट्याच्या खोल्या थोड्याच उरल्यात," मुलगी पुस्तकातला बोटीचा नकाशा चाळत म्हणाली.

बायको विचारात पडली. तिने एकदा नवऱ्याच्या डोक्याकडे पाहिलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना मुळाशी पांढरी रेघ दिसायला लागली होती.

"समोरासमोर बघा," ती म्हणाली. "दार उघडलं की मला ते डोकं दिसू दे. तोवर सगळं पिकलेलं असेल. असेल ना, अहो?"

"असेल," तो म्हणाला, पण त्याला मान वर करता आली नाही.