मॅचिंग मास्क आणि हळदीचा फोटो

मंडळी, आत्ताच हळदीहून घरी आलेय. हात अजून पिवळेच आहेत, पण हे आधी लिहिते.

आज तळवलीला माझ्या चुलतबहिणीची हळद होती. परवानगी होती तेवढीच माणसं, तीही सगळी घरची. काकीने, म्हणजे नवरीच्या आईने, आम्हा बहिणींसाठी साडीला मॅचिंग मास्क शिवले होते. आम्ही हौसेने घातले आणि लगेच हनुवटीवर उतरवले. नथ अडकते, लिपस्टिक पुसते, कारणं काय कमी असतात?

फोटोग्राफर म्हणाला, "मास्क काढा, चेहरे दिसू दे." आम्ही तयारच होतो! काकी एकटीच मास्क लावून उभी.

"काकी, फोटोपुरता तरी काढ ना," मी म्हटलं.

काकीने मागच्या खिडकीकडे बोट केलं. आजोबांना गर्दीत आणायचं नाही म्हणून त्यांची खुर्ची आत, खिडकीपाशी ठेवली होती. तिथूनच ते नातीची हळद बघत होते.

"फोटो झाल्यावर तुमी सगल्या आत जानार, त्यांच्या पाया परनार, आशीर्वाद घेनार. मंग बदल्यात त्यांना काय देनार?"

एकेकीने मास्क वर ओढला. नमस्कारही मग खिडकीबाहेरूनच केला.

फोटो आत्ता ग्रुपवर आलाय. आम्ही बहिणी कोण कुठली, काही ओळखू येत नाही. मागे खिडकीत आजोबा मात्र बोळक्या तोंडाने मस्त हसतायत.

तुमच्या घरी खिडकीत कोण बसलंय?