बारा लाख नव्याण्णव हजार सातशे नऊ

प्रकाशचा स्वतःवरचा भरवसा उडाला आहे, ही काळजी काही केल्या अनुपमाची पाठ सोडत नव्हती. घरातून निघताना गॅस बंद आहे ना, हे तो हल्ली तीनतीनदा बघायचा. दुबईत रास अल खोरच्या गोदामात अठ्ठावीस वर्षं खोकी मोजलेला माणूस! त्याने मोजलेलं परत मोजायचं नाही, असा तिथला रिवाज. आता तोच हाताखालच्या मुनीरला म्हणायचा, "हबीबी, जरा फिर से गिन ले."

सगळं सुरू झालं विजेच्या मीटरपासून. शारजात अल नहदाच्या त्यांच्या टॉवरमध्ये लिफ्टला इतका वेळ लागतो, की माणूस मीटरचे क्रमांकही वाचतो. प्रकाशने वाचला बारा लाख नव्याण्णव हजार सातशे नऊ, आणि ही मूळ संख्याच असणार, हिला दुसऱ्या कशानेही भाग जाणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. लग्नाचा वाढदिवस विसरणाऱ्या या गृहस्थाला ती संख्या मात्र पाठ! रोज सकाळी बस दुबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, की वहीत पुढच्या मूळ संख्येने एक भागाकार. आठ महिन्यांत स्वारी नऊशे सत्त्याण्णवपर्यंत पोचली.

"अहो, बारा लाखांपर्यंत जाणार का?"

"छे! अकराशे चाळीसपर्यंत. त्यापुढच्या कुणाने भाग जाणार असता, तर त्याची धाकटी जोडीदारीण आधीच सापडली असती. एकवीसच उरलेत."

मग एका शनिवारी अल रीमला नोकरी करणारा मुलगा वेदांग आला. उघडी वही पाहून चिरंजीवांनी आकडा मोबाइलवर टाकला.

"डॅड, इट्स नॉट प्राइम. शंभरच्या आतल्या नंबरनेच भाग जातो. वन सेकंद. खलास!"

प्रकाश हसला नाही. म्हणजे एकशे अडुसष्ट भागाकारांत आपण कुठेतरी चुकलो. वही कपाटात गेली. वेदांगने घरच्या ग्रुपवर टाकलेला स्क्रीनचा फोटोही त्याने उघडला नाही. आणि आज सकाळी बूट घालताना म्हणाला, "उद्या मॅनेजरला सांगतो, मोजणी दुसऱ्या कुणाला द्या. माझं डोकं आता चालत नाही."

दुपारी अनुपमाने तो फोटो उघडला. 9299709. सहज आकड्यांची बेरीज केली, पंचेचाळीस आली. म्हणजे तीनने भाग जातो! पण तीनला तर प्रकाशने दुसऱ्याच दिवशी निकालात काढलं होतं. तिने कपाटातून वही ओढली. तिथे होतं १299709. प्रकाश सगळे आकडे इंग्रजी लिहितो, एक तेवढा शाळेच्या सवयीने मराठी. गोदामात हे सगळ्यांना ठाऊक. शारजात वाढलेल्या पोराने मात्र त्या मराठी एकाचा नऊ केला होता.

तिने स्वतः मोबाइलवर खरा आकडा टाकला. उत्तर आलं, मूळ संख्या. अनुपमाने जीभ चावली. आठ महिन्यांची तपश्चर्या, आणि फळ हिच्या हातात!

आपण सांगितलं तर प्रकाश म्हणणार, "समजूत काढतेस माझी." वाचण्यात चुकला वेदांग, तेव्हा आजच, बाबा घरी यायच्या आत, त्यानेच ते कबूल करायला हवं. पण उत्तराचं अवाक्षरही काढायचं नाही, उरलेले एकवीस भागाकार बाबांचेच, ही शपथ आधी घालायची.

या वेळी वेदांग मीटिंगमध्ये असतो. असू दे. तिने फोन हातात घेतला.