देवरावांची दोन मुठींची कात्री

देवराव गेल्याची बातमी त्यांच्या मुलीने, संगीताने, फोनवर सांगितली. मी अकोल्याला मुलाकडे होतो. "काका, बाबा गेले. सकाळचा चहा घेतला, अन्..." फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे यायला हवा होता, पण आला तो त्यांचा डावा हात. अनोळखी वस्तू दिसली की ती उचलणारा, उलटी करणारा, कानापाशी नेऊन हलवून पाहणारा हात... उजवा त्यांना नव्हताच, कोपरापासून.

मी केनवडच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा मात्र त्यांचे दोन्ही हात शाबूत होते आणि दोन्ही सतत कशात तरी गुंतलेले असत. शाळेचं बंद पडलेलं घड्याळ त्यांनी उघडलं, ते पुन्हा चाललं नाही, पण ते का चालत नाही हे त्यांनी मला इतक्या आनंदाने समजावून सांगितलं की मला रागावताच आलं नाही. त्यांची थोडी कोरडवाहू शेती होती, बाकी दिवस मजुरी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गावात ज्वारी काढायचं पहिलं थ्रेशर आलं तेव्हा ते चालवायला देवरावांशिवाय दुसऱ्या कोणाचं नाव पुढे येणं शक्य नव्हतं. दुसऱ्याच हंगामात त्या मशीनने त्यांचा हात ओढला. मशीनचा फिरता पट्टा ओढून काढून ते थांबवलं त्यांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी. त्या पलीकडे कणसांच्या पेंढ्या उचलून देत होत्या. देवराव दवाखान्यातून परत आले तेव्हा गाव त्या मशीनला शिव्या घालत होतं. एकदा ते खळ्यावर त्या थ्रेशरसमोर उभे दिसले. मी म्हटलं, "कशाला पाहता त्या मेल्याकडे?" तर म्हणाले, "थे थांबते कसं, थे पाहून राह्यलो, गुरुजी. चालू कसं होते थे सारेच पाह्यतात."

आमच्या गावातल्या विहाराभोवती मेंदीचं कुंपण होतं. छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर देवरावांच्या वडिलांच्या पिढीने लावलेलं, आणि पुढे देवरावांनी कातरून राखलेलं. पण मोठ्या कात्रीला दोन हात लागतात. देवरावांचा हात गेल्यापासून मेंदी खिडक्यांपर्यंत चढली, कण्हेर वाटेवर आली. पोरं कोयत्याने सपासप तोडायची, तर अर्धी मेंदी वाळून जायची. एका पौर्णिमेला बायका वंदनेला बसल्या असताना त्या गचपणातून साप निघाला. कुणाला काही झालं नाही, पण म्हातारी माणसं विहारात यायला बिचकू लागली. देवरावांना ते फार लागलं. वीज गावात आली होती, विहारात दिवा लागत होता. त्यांच्या डोक्यात एकच घोळायला लागलं... विजेवर पिठाची गिरणी चालते, तर कात्री काहून चालू नये?

चालते, हे आम्हाला अकोल्याच्या शेतकी प्रदर्शनात कळलं. पंप आणि फवारे यांच्या गर्दीत एका कोपऱ्यात कुंपण कातरायची यंत्रं मांडली होती. एक पेट्रोलवरची करवतही होती, तिचा आवाज ऐकूनच देवराव म्हणाले, "हे जंगलाचं काम आहे, आपलं नाई." मग विक्रेत्याने त्यांची रिकामी बाही पाहिली आणि एक लहानशी कात्री त्यांच्या डाव्या हातात दिली. हलकी, सुबक, एका मुठीची. खटका दाबून बाजूचं बटण सरकवलं की बोट काढलं तरी ती चालतच राहायची. देवरावांनी मेंदीची एक डहाळी कापून पाहिली, मग दुसरी. किती वर्षांनी त्यांच्या हातून काही कापलं जात होतं! त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं काम, घरी जाऊ.

त्यांनी विचारलं, "हातातून निसटली तं?"

"निसटत नाही हो. अन् बोट दुखू नये म्हणून तर बटण आहे."

देवरावांनी ती हळूच खाली ठेवली आणि मला शेजारची उचलायला सांगितली. ती दोन मुठींची होती. दोन्ही मुठींवर खटके, दोन्ही दाबले तरच पातं हलायचं, एक हात सुटला की बंद. पात्याच्या मागे हाताला आडोसा होता. त्यांनी मला ती चालवायला लावली, एक हात काढायला लावला, पुन्हा लावायला लावला. चार वेळा तरी. विक्रेता समजूतदार माणूस होता, जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, तुम्हाला हीच आवडली असेल तर एक खटका तारेने बांधून देतो. मग एका हातावर चालेल."

देवरावांनी पात्यामागच्या आडोशावरून बोट फिरवलं. मग विक्रेत्याला नव्हे, मला म्हणाले, "थ्रेशरच्या तोंडाले पत्र्याचं झाकन होतं, गुरुजी. कनसं अडकत होती. मीच काढून ठेवलं होतं... लवकर व्हावं म्हनून."

इतकी वर्षं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सुभद्राबाईंनाही नाही.

विहाराच्या मंडळींनी दिलेल्या पैशांतून आम्ही दोन मुठींची कात्री घेतली. परतीच्या बसमध्ये मी न राहवून विचारलं, "देवराव, ही चालवणार कोण?" ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "सुभद्रा."

सुभद्राबाईंनी खोकं पाहिलं आणि दारातूनच म्हणाल्या, "मी त्याले हात नाई लावत. मले इचारलं होतं का?" त्या आत गेल्या, आणि त्या संध्याकाळी घरात भाकरी झाली नाही. देवरावांनी घाई केली नाही. रात्री काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण झाकणाची गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली असावी, कारण दुसऱ्या दिवशी सुभद्राबाईंचे डोळे सुजलेले होते आणि त्या स्वतःच ओसरीवर येऊन बसल्या होत्या. आधी त्यांनी वीज न जोडता कात्री नुसती मांडीवर घेतली. मग जोडून, पात्यावर म्यान ठेवून. "आता एक हात काढ," देवराव म्हणाले. पातं थांबलं. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा काढलं. "मी सोडली का हे मरते!" म्हणून त्या हसल्या. मग दुसरा हात काढून पाहिला. मग डोळे मिटून. आता देवरावांनाच त्यांना थांबवावं लागलं.

पदर खोचून, वायर खांद्यावरून पाठीमागे टाकून, मेंदी कोरडी असतानाच त्या कातरायच्या. ओल्या पानांना हात लावायचा नाही आणि अंगठ्याहून जाड फांदी मशीनला द्यायची नाही, ती आरीने कापायची, हे देवरावांचे नियम. पहिल्या दिवशीचं कुंपण म्हशीने चरल्यासारखं झालं. देवराव रस्त्यावर उभे राहून ओरडत होते, "इकडं खाली गेलं, सुभद्रे! बुद्धाच्या घराले येडंवाकडं कुंपन!" त्याही ओरडल्या, "मंग तुमी धरा!" आणि दोघांचीही नजर त्या रिकाम्या बाहीवर गेली... आणि मग दोघंच खदखदून हसायला लागले. पुढे पोहरादेवीच्या रस्त्याकडल्या गावांतूनही त्यांना बोलावणं यायचं. लोक म्हणायचे मशीनवाली बाई. त्या म्हणायच्या, मशीन माझी, डोळा त्यांचा.

परवा मी भेटायला गेलो. सुभद्राबाई आता पुष्कळ वाकल्या आहेत. संगीताने आईसाठी मिक्सर आणलाय. माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी करायची म्हणून त्यांनी तो फिरवला, बंद केला, आणि झाकणावर तळवा ठेवून तशाच उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्यांना काही होतंय की काय. मी उठायला लागलो, तर त्यांनी मानेनेच बसा म्हटलं. थोड्या वेळाने झाकण काढत म्हणाल्या, "हे म्हनत, चूप झालं म्हनजे थांबलं असं नसते, गुरुजी."