हळद लावलेली अंडी

माझी सरोजा अत्ते, म्हणजे आत्या, तीस वर्षं कुंभकोणमच्या शाळेत गणित शिकवत होती. कुणाचं काही चुकलं की तोंडावर सांगायची. मी हॉगनोज जातीची सापीण पाळायला आणली, तेव्हा पहिला शेरा तिचाच, आमच्या घरातल्या जुन्या वळणाच्या मराठीत: "ह्याचें नाक डुकरासारखें कां रे?" वनखात्यात रीतसर नोंदवलेला परदेशी साप, पण अत्तेच्या लेखी तो नागराजच.

यंदा सापिणीने अकरा अंडी घातली. कोंबडीची अंडी फिरवतात तशी सापाची फिरवायची नसतात, आतला जीव दगावतो. म्हणून मी प्रत्येकावर पेन्सिलीने वरच्या बाजूची खूण केली आणि ती उबवायच्या पेटीत ठेवली. घरात कुणाला सांगितलं मात्र नाही. फार शहाणा ना मी!

आडि ह्या तमिळ महिन्यातल्या शुक्रवारी इथल्या बायका वारुळाला दूध-हळद वाहतात. अत्तेचे गुडघे गेलेले. नागराज घरातच असताना साक्कोट्टैच्या वारुळापर्यंत कशाला जायचं? तिने पेटी उघडली, एकेक अंडं उचलून चहूबाजूंनी हळद लावली आणि ठेवून दिलं. मी पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. "सगळी मारलीस!" जिने मला लहानाचं मोठं केलं, तिच्यावर मी असा खेकसलो.

आठवड्याने अंडी आपोआप चेपून आत गेली. एक कापून पाहिलं. आतलं पिल्लू इतकं इवलंसं होतं, की ते हळदीच्या कितीतरी आधीच मेलेलं असणार. मला आठवलं. अंडी घातली त्याच आठवड्यात घरात लग्न होतं; पाहुणे सापाला घाबरतील म्हणून मी पेटी माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत नेली आणि दिवसभर विसरलो. अंडी तिथेच उकडली होती. मी गप्प बसलो. लाज वाटली, दुसरं काही नाही.

पुढच्याच आठवड्यात अत्तेच्या लेकीचा, जयश्रीचा, तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. फोन ठेवून अत्ते खालीच बसली. "माझ्या हातून नागाचीं लेंकरें गेलीं. त्याचेंच हें फळ." त्या शुक्रवारपासून ती अनवाणी साक्कोट्टैला जाऊ लागली, त्या गुडघ्यांनिशी.

दोन शुक्रवार मी नुसता पाहत राहिलो. तिसऱ्या शुक्रवारी तिला दारातच अडवलं आणि सगळं सांगितलं: पत्र्याची खोली, ऊन, ते इवलं पिल्लू. बोलताना मला रडू फुटलं.

तिने माझे डोळे पुसले. "मजसाठीं खोटें बोलतोस, राजा? गुणाचें रे लेंकरूं माझें."

आणि दुधाचा तांब्या घेऊन ती उन्हात उतरली.